कमलाबाईंचा गाल

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सेठच्या मुलाने मला मशीनवरून काढून बाइंडिंगच्या टेबलावर बसवले. म्हणाला, "काका, आता जरा आरामात बसा. डोळ्यांना त्रास नको."

फणसवाडीतल्या ह्या प्रेसमधून जी कॅलेंडरे बाहेर पडली, त्यांतल्या प्रत्येक देवाच्या अंगाचा रंग मी जुळवलेला आहे. शेंदूर कुठे संपतो आणि कुंकू कुठे सुरू होते, हे मला कोणत्याही आर्ट स्कूलने शिकवलेले नाही. माझे मी शिकलो. आणि हा पोरगा मला पाने जुळवायला बसवतो. त्याला स्वतःची माणसे भरायची आहेत, दुसरे काय.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. ही मुलगी एका संस्थेत आहे. कलाकार आणि वस्त्यांमधली केंद्रे ह्यांची गाठ घालून देण्याचे काम ती संस्था करते. कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे मैत्री केंद्र म्हणून आहे, तिथल्या हॉलच्या जमिनीवर रांगोळीत मोठे व्यक्तिचित्र करायचे. वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन. १३ डिसेंबरला लोकांना खुले. पुढे हॉल नाताळच्या कार्यक्रमांना जातो, म्हणून तारीख हलणार नाही.

'बायकांना सोबत घेऊन' हे मला रुचले नाही. तरी हो म्हटले. गेल्या दिवाळीत लालबागच्या आमच्या रांगोळी मंडळाने माझे चित्र प्रदर्शनात घेतले नाही. पेडणेकर म्हणाला, जागा कमी पडली. मी त्याला ओळखून आहे. हेवा माणसाला जागा कमी पाडायला लावतो. तर हे चित्र असे करायचे की पेडणेकरला कॉटन ग्रीनपर्यंत चालत यावे लागेल. हेही फसले, तर ह्या वयात मला पुन्हा कोणी जमीन देणार नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे आळस करणार नाही.

घरी बायकोला, शैलाला, सांगितले. "तुमका झेपता तर करा," एवढेच म्हणाली. हल्ली ती मला बांगड्याचे काटे काढून वाढते. म्हटले, मी काय लहान आहे? तर म्हणे, "जेवा गप."

२० नोव्हेंबर, गुरुवार

चुकीच्या बसमध्ये बसलो, त्यामुळे उशीर झाला. बसवरचे आकडे आता इतके वाईट रंगवतात की बोलायची सोय नाही.

केंद्र कार्मेनबाई चालवतात. इथल्याच जुन्या कॅथलिक घरातल्या, गोदीच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, फ्रॉकच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. आल्या आल्या त्यांनी मला हॉल दाखवला.

"हा हॉल. हे फॅन. एक नुसता आवाज करतो, बाकीचे चालतात."

"सगळे बंद राहतील," मी म्हटले.

"आणि आम्ही?"

"रांगोळी उडते, बाई."

"ती उडेल आणि आम्ही शिजू."

बायका जमल्या होत्या. बहुतेक कोळणी, बाजार आटोपून आलेल्या, दोन-चार कार्मेनबाईंच्या चर्चमधल्या. चेहरा कोणाचा करायचा हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. कमलाबाई. बाजारात ह्या वस्तीतल्या बायकांना बसायची जागा जिने भांडून मिळवली ती. आता बाजारात जात नाहीत, केंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आल्यागेल्याची चौकशी करतात. त्यांची सून तुळसा ही बायकांची म्होरकी. आवाज बाजारातला.

मी सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितला. पातळ, टोपली, मागची गोदामाची भिंत, किनार, हे तुम्ही करायचे, मी सांगेन तसे. चेहरा माझा. चेहऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

"आणि मास्तर, चेहरा चुकला तर?" तुळसाबाईंनी विचारले.

"माझा चुकत नाही."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि बायका हसल्या. शिस्त लावायला लागेल.

कमलाबाईंचा फोटो घेऊन मोठा छापून घेतला आहे. मी फोटोवरूनच काम करतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रेसमधून रजा टाकली. कोणी अडवले नाही, ह्याचे वाईट वाटले.

चिमूट शिकवली. अंगठा आणि दोन बोटे, मनगट सैल, पूड सोडायची, टाकायची नाही. कोळणींची बोटे जाड, पण हात स्थिर आहेत. चर्चवाल्या फार विचार करतात. रांगोळीत खोडता येत नाही, फक्त वरून दुसरा थर देता येतो, आणि थरावर थर चढला की चित्र पुरणपोळीसारखे फुगते, हे सर्वांना तीनदा सांगितले.

रंग मी स्वतः कालवले, चाळले आणि वाट्या लावल्या. जवळच्या ओळीत तपकिऱ्या, डावीकडे गडद, उजवीकडे फिके. मागच्या ओळीत निळे आणि जांभळे, पातळाच्या सावल्यांसाठी. ही मांडणी कोणी हलवायची नाही, असेही सांगितले. डोके चित्रात असताना हाताला वाटी आपोआप सापडली पाहिजे.

रंगवाल्याशी भांडण झाले. निळा पार मळका दिला आहे. तो म्हणतो, नेहमीचाच आहे. नेहमीचा निळा मी ओळखत नाही होय?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. बाजार थंड, म्हणून तुळसाबाई सकाळपासून हजर.

"तुम्हीही पाळता गुरुवार?" मी विचारले.

"आमी कोळी, आमचा कसला गुरुवार. पन गिऱ्हाईक पाळतं, मंग आमचाबी आपोआप घडतो."

दुपारी त्यांनी वालाचे बिरडे आणि भाकरी आणली. मी चित्रापासून लांब बसून जेवलो. कार्मेनबाईंनी केक दिला, नाताळची चाचणी म्हणून. चांगला होता, थोडा कोरडा. तसे सांगितले. त्यांनी दुसरा तुकडा दिला नाही.

पातळाची खालची बाजू भरून झाली. तुळसाबाईंचा हात चांगला आहे. हे त्यांना सांगितलेले नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चेहऱ्याला सुरुवात केली. विटांवर फळी टाकून त्यावर पोटावर झोपून काम करायचे, म्हणजे चित्राला अंग लागत नाही. आधी कपाळ, मग नाक. नाकाची कड एका दमात उतरली.

हॉलमधला उजेड मात्र अत्यंत रद्दी. प्रत्येक ट्यूबभोवती धुरकट कडे दिसते. स्वतः नवीन ट्यूब आणल्या, शिडी लावून बसवल्या. तरी कडे आहेच. गोदामांची धूळ हवेत असणार.

१ डिसेंबर, सोमवार

डावा गाल पूर्ण केला. कमलाबाईंच्या गालाची सावली कानापासून निघते आणि तोंडाच्या कोपऱ्यात जिरते. ती सावली मी अशी फिरवली आहे की गाल जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो. अशी सावली पेडणेकरला सात जन्मांत जमणार नाही. संध्याकाळी फळीवरून उठलो तेव्हा गुडघे बोलत होते, पण मन भरले होते.

बायका भोवती उभ्या राहून बघत होत्या. कोणी काही बोलले नाही. चांगल्या कामासमोर माणसे गप्प होतात.

कमलाबाई तेवढ्या तुळसाबाईंच्या खांद्याला धरून आत आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अगो तुळसे, ही तं पान्यातनं काढलेली दिसते."

वय झाले की रंग कळेनासे होतात माणसाला. मी मनावर घेतले नाही.

२ डिसेंबर, मंगळवार



सकाळी हॉल उघडला तर गाल माझा नव्हता. माझ्या सावलीवर कोणीतरी वरून रांगोळी सोडली होती. हात कच्चा, कड फुटलेली, कानाजवळ थर जाड.

बायका आल्यावर विचारले, कोणी केले.

तुळसाबाई म्हणाल्या, "आमी केलं."

"आम्ही म्हणजे?"

"म्हंजे मी. ह्यांनी वाट्या दिल्या."

"का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "बरं नव्हतं दिसत, मास्तर."

"काय बरं नव्हतं?"

बाजारात दहा जणींना भारी पडणारी बाई, पण उत्तर देईना. कार्मेनबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "घाडीगावकर, रविवारी झाडताना वाट्या मीच उचलल्या होत्या. परत ठेवताना ओळी उलट्यासुलट्या झाल्या असतील. माझी चूक."

"त्याने काय होते? मी रंग बघून वाटी उचलतो. जागा बघून नाही."

त्या हळू म्हणाल्या, "एकदा ती वाटी घेऊन दाराशी या. उजेडात बघा."

"मला उजेड शिकवू नका, बाई."

सगळ्यांना बाहेर काढले. हॉलची किल्ली मागून घेतली. बायका चपला घालून गेल्या, एकही शब्द न बोलता. ह्याचे मला जास्त वाईट वाटते. भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

३ डिसेंबर, बुधवार

एकट्याने काम. गालावरचा त्यांचा थर पिसाने अलगद उचलता येईल तेवढा उचलला आणि माझी सावली पुन्हा घातली. त्याच वाटीतून.

किनार, टोपली, अर्धी भिंत बाकी आहे. एकट्याने होणार नाही, हे फळीवर पडल्या पडल्या दिसते.

दुपारी प्राची आली. "काका, बायका कुठे आहेत?"

"काम बिघडवतात."

"पण हे चित्र त्यांच्यासोबतचं आहे ना. त्या नसतील तर संस्था हे चालू ठेवणार नाही. मला सांगावं लागेल वर." मग तिने चित्राकडे पाहिले. "काका, गाल जरा..."

"जरा काय?"

"नाही. मला कळत नाही रांगोळीतलं," ती म्हणाली.

कळत नाही तर बोलू नये. पण तीही गप्प झाली. सगळेच माझ्यापाशी येऊन गप्प का होतात?

४ डिसेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणून तुळसाबाई मोकळ्या असणार हे मला आठवायला हवे होते. मी दार नुसते लोटून घेतले होते. त्या सरळ आत आल्या. चपला बाहेर काढल्या, चित्राला वळसा घालून वाट्यांपाशी गेल्या आणि दोन वाट्या उचलून माझ्यासमोर धरल्या.

"मास्तर, ह्यातला तपकिरी कंचा?"

"हा काय पोरखेळ आहे?"

"मना नाय कलत म्हनून इचारते."

मी डावीकडची दाखवली. गालाला वापरली होती तीच. त्यांनी दोन्ही वाट्या एकदा पाहिल्या, माझ्याकडे पाहिले, "बरं" म्हणाल्या आणि वाट्या जिथल्या तिथे ठेवून गेल्या. त्या 'बरं' मध्ये टोमणा नव्हता. टोमणा असता तर चिडून मी पुन्हा फळीवर आडवा झालो असतो.

हॉल बंद केला आणि घरी आलो. ट्रंकेत छपाईच्या कागदाची एक पट्टी आहे, मशीनवर रंग जुळवताना बाजूला ठेवतो ती. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत चौकोन, प्रत्येकाच्या उतरत्या छटा. ही पट्टी मला तोंडपाठ आहे. गॅलरीत भर उन्हात बसलो. प्रूफ तपासतात तसे तपासले. आधी उजवा डोळा झाकून, मग डावा झाकून, मग दोन्ही उघडे.

पिवळ्याचा सर्वांत फिका चौकोन कुठे संपतो आणि कोरा कागद कुठे सुरू होतो, ते मला दिसले नाही. निळ्याचा गडद चौकोन आणि काळा शेजारी शेजारी एकच. जांभळा जिथे असायला हवा तिथे मातीचा रंग होता. डाव्या डोळ्याने तर सगळी पट्टी चहात बुडवल्यासारखी.

दुसऱ्या कोणाचे प्रूफ असते तर मी परत पाठवले असते.

शैलाला विचारले, तुझ्या लक्षात आले होते का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी बांगड्याचो काटो दोनदा गिळलास. तेव्हापास्ना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलान बघितलंय. तुमी ट्यूब बदललास."

५ डिसेंबर, शुक्रवार

डोळ्यांची डॉक्टर. तरुण बाई, पण काम नीट. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. साखर वाढली आहे, ती उतरेपर्यंत ऑपरेशन नाही. म्हणजे नाताळाच्या आसपास.

"रंग कधीपासून नीट कळत नाहीत?" तिने विचारले.

मी उलटे मोजायला लागलो: ट्यूब, मळका निळा, बसचे आकडे. तिने कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढचे विचारले.

सेठच्या मुलाने मला बाइंडिंगला का बसवले, ते आज कळले. लालबागबद्दल आज लिहीत नाही.

तेरा तारीख आहे तिथेच आहे. तिच्याआधी मला नवे डोळे मिळणार नाहीत. प्राचीला सांगून चित्र सोडता येईल, आजारपण म्हणून, कोणी दोष देणार नाही. संध्याकाळपासून हे उलटेपालटे केले. सोडणार नाही. अर्धा गाल जमिनीवर टाकून मी आजवर कुठून उठलेलो नाही.

६ डिसेंबर, शनिवार

दादरला आज चैत्यभूमीची गर्दी, म्हणून आडवळणाने गेलो. बायका केंद्राच्या ओट्यावर बसल्या होत्या, किल्ली माझ्याकडे असल्यामुळे. कार्मेनबाई नाताळच्या चांदणीला कागद चिकटवत होत्या. कमलाबाई खुर्चीत. मी उभ्या उभ्याच सांगितले.

"मला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे. तपकिरी समजून मी गालाला जांभळा भरला. त्यावर तुम्ही सोडलेली पूड काढली, ते चुकले."

कोणाला नवल वाटले नाही.

"आमाला ठाव हाय," तुळसाबाई म्हणाल्या.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"सगल्यांच्या म्होरं बोलू? तुमी ऐकलं असतं?"

"नसते ऐकले," मी म्हटले.

"फॅन बंद करा म्हणालात, ते आम्ही ऐकलं," कार्मेनबाई म्हणाल्या. "उजेडात या म्हटलं तर तुमचा केवढा अपमान."

कमलाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "माजंबी आपरेशन झालंय, दोनी डोल्यांचं. शिबिरात. आता पापलेट ताजा का शिला, इथनं सांगते." मग माझ्याकडे वळून, "त्या दिवशी मी बोल्ले तं तुजं त्वांड एवढंसं झालेलं."

मला वाटले होते त्यांनाच दिसत नाही. त्या सगळ्यांत स्वच्छ डोळे त्यांचेच होते.

मी किल्ली कार्मेनबाईंना परत दिली. मग म्हटले, चेहरा पूर्ण करायचा आहे. रंग तुळसाबाईंनी सांगायचा, मी हात चालवीन.

"आनि नियम?" तुळसाबाई.

"कुठला?"

"चेहऱ्याला कोनी हात लावायचा नाय तो."

"तो आता नाही."

"मंग फॅन लावू?"

"फॅन नाही," मी म्हटले, आणि त्या अशा हसल्या की कमलाबाईंची खुर्ची हलली.

८ डिसेंबर, सोमवार

फोटो बाजूला ठेवला. कमलाबाईंना दाराच्या उजेडात बसवले. रंग सांगणाऱ्याला समोर खरा गाल हवा.

कामात एक गोष्ट सापडली. डोळे अर्धे मिटले की रंग जातो, पण उजेड आणि अंधार माझ्याकडे राहतात. कुठे एक घर, म्हणजे एक छटा, गडद जायचे, कुठे सावली थांबवायची, हे मला अजूनही बिनचूक दिसते. रंगाचे नाव मात्र दुसऱ्याकडून घ्यायचे. मी म्हणतो, "इथे एक घर खाली." तुळसाबाई पाच वाट्या चाचपतात आणि एक पुढे करतात.

त्यांची रंगांची नावे मला पहिल्यांदा सहन होईनात. तपकिरी, विटकरी हे शब्द त्यांच्या उपयोगाचे नाहीत.

"ह्यो सुक्या जवल्याचा. नि ह्यो कुपा कापल्यावर आत असतो तसा."

"मला माशात सांगू नका, रंगात सांगा."

"रंगातच सांगते, मास्तर."

दुपारपर्यंत मीच विचारू लागलो, "जवळ्यापेक्षा गडद, पण कुप्याइतका लाल नाही, असा आहे का?" त्यांनी दोन वाट्यांतली पूड परातीत घेतली, बोटाने फिरवली, कमलाबाईंच्या गालाशी नेऊन धरली.

"बांगड्याची पाठ. सुकवल्याली."

"माज्या त्वांडाला बांगडा बोलतेस?" कमलाबाई.

"आत्याबाई, गप ऱ्हावा. रंग उडतोय."

चर्चवाल्या बायकांनी किनार उचलली, बाकीच्यांनी टोपली आणि भिंत. माझे लक्ष नव्हते आणि तरी नीट झाली. हे मी त्यांना सांगितले. आजवर मी असे काही सांगितले नव्हते, म्हणून त्यांना वाटले मी टोमणा मारतो आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

भांडण. तुळसाबाई म्हणाल्या गालावर लाल हवा. मी म्हटले, लाल दिला की सावली फुटेल. त्या म्हणाल्या, बाई जिवंत आहे. मी म्हटले, सावली फुटली तर जिवंत असून उपयोग नाही. शेवटी लाल दिला, पण मी सांगितले तेवढ्याच पट्ट्यात. दोघेही नाराज, म्हणजे बहुतेक बरोबर असावे.

११ डिसेंबर, गुरुवार

गाल झाला. थर थोडा जाड आहे, खाली तीन सावल्या आहेत त्याला इलाज नाही. कार्मेनबाईंनी शिडीवर चढून पाहिले. उतरल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. म्हणाल्या, "लहानपणी हिच्याकडून मांदेली आणायला मला आई पाठवायची. जास्त घालायची ही टोपलीत." मला चित्राबद्दल ऐकायचे होते, पण ते बहुतेक चित्राबद्दलच असावे.

उद्या फक्त डोळ्यांतला प्रकाश. बुबुळावर एक-एक ठिपका. रांगोळीत बाकी सगळ्यावर दुसरा थर चालतो, ह्या ठिपक्यावर नाही. दुसऱ्यांदा टाकला की डोळा फुटल्यासारखा दिसतो. म्हणून तो शेवटी, आणि एकदाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पांढऱ्याच्या दोन वाट्या समोर ठेवून बसलो. एक साधी रांगोळी, दगडाची, तिच्यात पिवळसर झाक असते. दुसरी घोटून शुभ्र केलेली. फरक मला पाठ आहे, पण दिसत नाही. वाट्या मी लावल्या नव्हत्या, काल आवरताना कोणीतरी ठेवल्या होत्या.

तुळसाबाई बाजारात. शुक्रवार, त्यात काल गुरुवार झालेला, आज गिऱ्हाइकांची झुंबड. दुपारशिवाय येणार नाहीत, आणि दुपारी प्राची फोटोवाल्याला घेऊन येणार.

कमलाबाईंना विचारले. "दोनी पांढऱ्या. त्यात काय?"

कार्मेनबाईंना विचारले. त्यांनी आधी डावी सांगितली, मग उजवी, मग म्हणाल्या, "टाका कुठलीही. पांढरा तो पांढरा."

मला ते पटणे शक्य नव्हते. दोन्ही वाट्यांवर वर्तमानपत्र बांधले, दोन हातांत दोन वाट्या घेतल्या आणि बाजारात गेलो.

ओली फरशी, बर्फाचे पाणी, खांद्याला खांदा. मी वाट्या छातीशी धरून चाललो होतो. एक कोळीण म्हणाली, "काय इकताव, बाबा?" दुसरी म्हणाली, "तुळसेचा मास्तर ह्यो. वाट सोड त्याला." तुळसाबाई पाटावर सुरमई कापत होत्या, समोर गिऱ्हाइकांची फळी. त्यांनी मला पाहिले आणि सुरी थांबवली.

"काय फुटलं?"

"काही नाही. ह्यातली शुभ्र कुठली?"

"मावशी, माझी सुरमई," एक बाई म्हणाली.

"थांब गो. डोला व्हायचा हाय."

त्यांनी हात धुतले, पदराला कोरडे केले, वाट्या घेतल्या आणि छपराच्या बाहेर उन्हात गेल्या. मी मागोमाग. कागद सोडला. एकदा ही, एकदा ती. घाई केली नाही. मागे सुरमईवाली कुरकुरत होती.

"ही," त्या म्हणाल्या. "दुसरी टाकलात तं आत्याबाईला कावील झाली असं दिसंल."

"नक्की?"

"मास्तर, मी माज्या धंद्यावरनं उठून आले."

मी ती वाटी उजव्या हातात घेतली आणि दुसरी तिथेच ठेवून दिली, म्हणजे रस्त्यात अदलाबदल व्हायला नको. माघारी येताना कोणाशी बोललो नाही.

कमलाबाई दाराच्या उजेडात बसूनच होत्या, निघताना त्यांना 'आता उठा' म्हणून सांगायचे माझ्याकडून राहिले होते. मी फळीवर आडवा झालो. चिमूट अगदी थोडी. श्वास धरला. आधी डाव्या डोळ्यात, मग उजव्या. मला ठिपका दिसला नाही, फक्त बुबुळाचा काळा तिथे तेवढा संपला, एवढे दिसले. ते पुरेसे होते. कार्मेनबाई भिंतीशी उभ्या होत्या, त्यांच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

मी फळीवरून मागे सरकलो आणि उठून बसलो.

"झालं?" कमलाबाईंनी विचारले.

"झालं."

"मंग आता हलू का मी?"

"हला," मी म्हटले.